चाखून आणलेलं वाळूक
सुनेनं आज द्राक्षं जंतू मारायच्या लाल दवेच्या पाण्यात टाकली आणि मला आम्ही मस्तगडात राहायचो तेव्हाचं पटकीच्या साथीचं साल आठवलं. तेव्हा माळवं विकणारी म्हातारी दारात आली, की तिची भाजी मी तिच्यादेखत बादलीतल्या गुलाबी पाण्यात बुडवायचे. एकदा तिनं माझ्या लेकीपुढं टोक खाल्लेलं वाळूक धरलं. "कडू न्हाई बाई, चाखून आणलंय." मी लेकीचा हात मागं ओढला. म्हातारीनं वाळूक बादलीत बुडवलं, आपले हातही बुडवले, मंग दिलं. ती गेल्यावर मी ते उकिरड्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "खाल्लं का लेकरानं?" मी हो म्हणाले. तेव्हापासून ती रोज एक चाखून आणायची. आज सुनेला म्हटलं, मला दोन द्राक्षं न बुडवता तशीच दे.