आईसाठी उंच केलेला पिस्टन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी जायची ती बाबांच्या मोटरसायकलवर बसून, आणि देवळ्याच्या अलीकडची बारी चढायची ती मात्र स्वतःच्या पायांनी. बारी म्हणजे आमच्याकडचा छोटा घाट. चढाच्या सुरुवातीला चुना फासलेला एक पांढरा दगड होता. तिथपर्यंत आमची जुनी टू-स्ट्रोक गाडी कशीबशी यायची. मग इंजिनाचा आवाज रडका व्हायचा, आणि बाबांनी तोंड उघडायच्या आत आई टुणकन खाली उतरायची. बाबा एकटे वर जाऊन थांबायचे. आई डोक्यावर पदर घेऊन, हातात सांजोऱ्यांचा डबा धरून, वैशाखाच्या उन्हात मागून चालत यायची. मी एसटीनं जायचे. खिडकीतून ती दिसली की शेजारची बाई हळहळायची, "अगंबाई, कोण गं ही बिचारी?" मी फणकाऱ्यानं सांगायचे, "बिचारी नाही, माझी आई आहे."

वर चहाच्या टपरीपाशी मामा ट्रॅक्टर घेऊन उभा असायचा. कांदा पिकवणारा माणूस, त्यामुळे दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायची कला त्याच्या अंगातच होती. एका वर्षी आईचा गुडघा सुजला होता. ती लंगडत वर आली तसा मामा बाबांना म्हणाला, "दाजी, पुढला साल ताईसाठे मी ट्रॅक्टरच धाडसू."

"ट्रॅक्टर नको रे," आई घाम पुसत म्हणाली. "पुढच्या वर्षी मी एसटीनंच येईन."

ती अगदी साधेपणानं बोलली, पण बाबांचा चेहरा पार उतरला. कारण मला ठाऊक होतं. घर, सासर, आले-गेले यांतून ती दोघंच अशी वर्षात एकदाच बाहेर पडायची. आई एसटीत बसली की तेही संपलं. घरी आल्या आल्या बाबांनी पायातल्या चपलाही न काढता जाहीर केलं, "इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवायचं."

बाबा सातपूरला एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. कागदावर काढलं की ते जगात झालंच, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी पिस्टनचं सुरेख चित्र काढलं आणि मला समोर बसवलं. मी तेव्हा सायन्स कॉलेजात होते, हाच माझा गुन्हा. पिस्टन खाली असताना वरची सगळी जागा किती, तो वर गेल्यावर उरते किती, पहिलीला दुसरीनं भागायचं, झालं कॉम्प्रेशन; ते जेवढं जास्त तेवढा गाडीला जोर. बाबांचे मित्र टर्नरकाका यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, लेथवर घासून वरची जागा कमी केली. बाबांनी भागाकार केला आणि ओरडले, "दहाला एक! आता ही गाडी भिंत चढेल!"

भिंत राहू द्या, पेठ रोडचा नावापुरता चढ तिला चढवेना. आईचं वजन विचारायची बाबांची छाती नव्हती, म्हणून मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधून ते निघाले होते. आईनं दारातून विचारलं, "हे काय?" बाबा म्हणाले, "तू." त्या दिवशी आम्हाला जेवायला ताक आणि कालची भाकरी मिळाली.

बाबा तरी हट्टाला पेटले होते. सायलेन्सर काढून अंगणात इंजिन उघडं ठेवलं होतं आणि ते मला हातानं फिरवायला लावत होते. माझं डोकं आधीच तापलेलं. परीक्षा तोंडावर, आणि मी बसलेय धूर जायच्या भोकात बॅटरी मारून! तेवढ्यात मला दिसलं. पिस्टन खालून वर निघाला होता, चांगला वर आला होता, तरी ते भोक उघडंच.

"बाबा," मी म्हटलं, "हे बंद होईपर्यंत तुमचा पिस्टन काय दाबतोय? सगळं तर इथून बाहेर जातंय. हा दार उघडं ठेवून पंख्याचा गारवा कोंडतोय."

बाबांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बॅटरी उडाली. भोक झाकल्यानंतरची जागाच काय ती खरी, तिथून पुढे मोजायचं! पुन्हा भागाकार केला तर दहा कुठले, जेमतेम सहा निघाले. आमची गाडी इतके दिवस आम्हाला खोटं सांगत होती म्हणायची. बाबांना मात्र वाईट वाटण्याऐवजी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रोग सापडला होता.

मग घरात जे सुरू झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. भोक काही हलवता येत नव्हतं, म्हणून वरची जागा आणखी कमी करायला टर्नरकाकांनी उंच घुमटाचा नवा पिस्टन कातून आणला. घुमट आत शिरला की जागा कमी उरते, पण त्याचा आकार असा वाकडा की ती गणितानं सापडेना. मग कंपाउंडरकडून काचेची सिरिंज आणली, पिस्टन वर घेतला आणि प्लगच्या भोकातून मोजून तेल ओतलं. जेवढं मावलं तेवढी जागा. तेल कुठलं? आईचं, फोडणीचं, शेंगदाण्याचं. घुमट हेडला आपटतो का बघायला त्याच्यावर कणकेचा गोळा ठेवून इंजिन फिरवायचं आणि चेपलेली कणीक मोजायची. आई म्हणाली, "माझ्या पोळ्यांना कधी पट्टी लावली नाहीत ती."

पहिली किक मारली आणि आत राहिलेलं तेल जळून सगळ्या गल्लीत भज्यांचा वास सुटला. शेजारच्या काकू तर ताटली घेऊनच आल्या. दुसऱ्या किकेला इंजिनानं बाबांनाच उलट लाथ मारली. त्यांची चप्पल समोरच्या कौलांवर जाऊन पडली आणि बाबा तुळशीजवळ. "जास्त झालं वाटतं," ते पोटरी चोळत म्हणाले. टर्नरकाकांनी घुमट थोडा उतरवला. पुन्हा तेल, पुन्हा कणीक. मग गाडी शहाण्यासारखी सुरू झाली, आणि पोत्यासकट पेठ रोडचा चढ गाणं म्हणत चढली.

आखाजी आली. आई गुपचूप गाडीवर बसली. मी आधीच्या एसटीनं जाऊन टपरीपाशी मामाशेजारी उभी राहिले.

गाडीचा आवाज आला आणि वळणावरून बाबा झोकात वर आले. मान ताठ, आणि बडबड चाललेली, "बघ! म्हटलं होतं की नाही? उतरावं लागलं का? आं? आता बोल की!"

मामानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "दाजी, गाडी एकदम बेस शे. पन ताईले कोठे सोडी उनात?"

बाबांनी मागे हात नेला. सीट चाचपली. सीट रिकामी होती.

टपरीवरची माणसं हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. बाबा गाडी वळवून खाली निघाले, आणि मी त्यांच्यामागे धावत सुटले. अर्ध्या बारीत आई चालत येताना भेटली, डबा सांभाळत.

"दगड आला, आवाज रडका झाला, उतरले," ती म्हणाली. "मला काय ठाऊक, ही या वर्षी थांबणार नाही!"

गाडी खरंच ओढणार होती. आईचे पाय जुन्या हिशोबानं उतरले होते. बाबा खाली बघत म्हणाले, "बस."

आईनं वर पाहिलं. मामा कठड्यावर चढून मजा बघत होता. तिनं डबा माझ्या हातात दिला. "इथून नाही बसायची. खाली दगडापासून बसेन. अर्ध्यातून बसले तर माझा भाऊ जन्मभर अर्धीच बारी मोजेल."

दोघं खाली गेली. मी उन्हात उभी राहिले. दगडापाशी इंजिन रडलं, आणि मी डोळे घट्ट मिटले. मग तोच आवाज जवळ येऊ लागला, रडत रडत, पण येतच राहिला. डोळे उघडले तर ती दोघं माझ्या समोरून गेली. नेहमी एका हातानं सीटची कड धरून बसणारी आई दोन्ही हातांनी बाबांच्या कमरेला मिठी मारून बसली होती. रस्त्यावर, टपरीवाल्यांसमोर, सख्ख्या भावासमोर! वर पोचल्यावरही तिनं हात लगेच सोडले नाहीत.

"माझ्या पायांचा भरवसा नव्हता," ती नंतर म्हणाली. "आवाज रडका झाला की आपोआप उतरतात मेले. म्हणून ह्यांना धरून ठेवलं."

"मग पुढच्या वर्षी एसटी?" बाबांनी हळूच विचारलं.

"एसटी निदान माणूस खाली राहिलं तर थांबते," आई म्हणाली, पण नंतर ती कधी एसटीनं गेली नाही.

बाबांनी पुन्हा त्या इंजिनाला हात लावला नाही. कार्बुरेटर जरा साफ केला असता तर दगडापाशी येणारा तो रडका आवाज सहज गेला असता. मला हे कळत होतं आणि बाबांनाही कळत होतं. गाडी विकेपर्यंत तो आवाज तसाच राहिला, आणि दर आखाजीला बारीत आई बाबांना घट्ट धरून बसत राहिली.