न मोजलेला ताप

माझ्या मुलीच्या तापाच्या वहीत मी खोटे आकडे लिहिले. एकदा नाही, तीन आठवडे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझ्याकडून कारणं दिली जातील आणि ती वाचून कुणाला माझी दया येईल. ती येऊ नये.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर निघून सात महिने झाले होते. केमो घ्यायला पिंपरीच्या हॉस्पिटलमध्ये चार-पाच दिवस राहायचं, मग पुनावळ्याला घरी यायचं, पुन्हा जायचं, असं चाललं होतं. घरी सोडताना डॉक्टर बाईंनी आम्हाला एक वही ठेवायला सांगितली होती. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि झोपताना, असा चार वेळा ताप मोजून लिहायचा. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः लाल पेनानं लिहिलं होतं: १००.४ च्या वर गेला की गोळी द्यायची नाही, वाट बघायची नाही, थेट इकडे यायचं. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात. तेव्हा शरीरात जंतू शिरला तर बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त ताप येतो. तेवढी एकच खूण असते.

हॉस्पिटलचं बाकी सगळं बायकोनं उचललं होतं. वही मात्र मी मागून घेतली. निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. मोजायचं आणि लिहायचं, हेच वीस वर्षं करत आलोय. मी पट्टीनं रकाने आखले. एक नाही, दोन थर्मामीटर आणले आणि दोन्ही एकच आकडा दाखवतात का ते तपासलं. मुलगी वैतागायची. म्हणायची, "पप्पा, मी काय तुमच्या कंपनीचा पार्ट आहे का?"

डॉक्टर बाईंना ती वही फार आवडली. तपासायला गेलो की शेजारच्या पालकांना दाखवायच्या, बघा, अशी ठेवायची असते. मला बरं वाटायचं. त्या सात महिन्यांत मला बरं वाटावं असं दुसरं काही घडत नव्हतं.

आता कंपनीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे दर तासाला मशिनवरचे पाच पार्ट उचलून मोजायचे आणि शीटवर आकडे लिहायचे, असा नियम आहे. मशिन नीट चालत असलं की आकडा फारसा हलत नाही. मग कामाच्या गडबडीत एखादा तास राहतो, आणि शिफ्ट संपताना ते चौकोन भरून टाकतात. निघोज्याचाच एक जुना ऑपरेटर म्हणायचा, "मशिन झोपलं तरी चालंल राव, शीट जागी पायजे." सगळे हसायचे, मीही हसायचो. नव्या पोरांना मीच शिकवलं होतं की रिकामा चौकोन ठेवू नका, ऑडिटवाला रिकाम्या चौकोनावरच बोट ठेवतो. आणि सगळीकडे एकच आकडा लिहू नका, थोडा वर-खाली लिहा.

घरी पहिल्यांदा कधी केलं ते नीट आठवतं. पहाटे उलट्या करून ती कशीबशी झोपली होती. सहा वाजले होते. तिला हलवायला हात पुढे होईना. कपाळाला हात लावला, गार लागलं. वहीत ९८.४ लिहिलं. दुपारी खरा ताप मोजला, तो ९८.६ निघाला. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, असं मी धरून चाललो.

तिची झोप मोडू नये, हे कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला देत होतो. ते अर्धंच खरं आहे. थर्मामीटर तिच्या काखेत ठेवल्यापासून तो वाजेपर्यंतचं एक मिनिट मला सोसवत नव्हतं. न मोजता लिहिलं की ते मिनिट टळायचं. आणि पान भरलेलं दिसलं की मी लिहिलेला आकडा वाचून मलाच धीर यायचा.

मे महिन्यातला रविवार होता. बायकोचे मामा वारले होते, त्यांचं पुण्यानुमोदन होतं, दौंडला. ती जायला तयार नव्हती. केमो होऊन नववा दिवस होता. मीच म्हणालो, जाऊन ये, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे, मी आहे ना. निघताना तिनं दोनदा सांगितलं, ताप बघा. मी म्हणालो, ते मला सांगू नकोस.

साडेबाराच्या सुमाराला वही उघडली आणि बाराचा आकडा लिहिला. कंपनीतून फोन सुरू झाले होते, आमचा माल गिऱ्हाइकाकडे नापास झाला होता आणि दुपारभर मीटिंग चालणार हे दिसत होतं. म्हणून संध्याकाळी सहाचाही लिहून टाकला. मुलगी शेजारीच सोफ्यावर टीव्ही बघत होती.

"अजून सहा वाजले नाहीत," ती म्हणाली.

मी म्हणालो, मोजणार आहे, आधी नुसतं लिहून ठेवलंय.

"तुम्हाला आधीच कळतं?" असं म्हणून ती हसली.

अडीच वाजता ती बेडरूमच्या दारात आली. मी फोनवर होतो. थंडी वाजतेय म्हणाली. मी फोन कानाला धरूनच कपाटावरची गोधडी काढून तिला दिली आणि तिच्या खोलीतला पंखा बंद केला. मे महिन्याची दुपार होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या मुलीला गोधडी लागते याचा अर्थ काय, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगू शकलो असतो.

सात वाजता मीटिंग संपली. तिच्या खोलीत गेलो तर ती गोधडीत गुरफटून भिंतीकडे तोंड करून पडली होती. हात लावला आणि झटकन मागे घेतला. १०२.६.

रिक्षानं डांगे चौकात वीस मिनिटं खाल्ली. ती माझ्या मांडीवर होती. तिनं एकदा विचारलं, मम्मी येईल ना तिकडे? त्याच्यापुढे बोलली नाही.

हॉस्पिटलमध्ये पोचल्याबरोबर त्यांनी रक्त घेतलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. डॉक्टर बाई रविवार असूनही आल्या. त्यांनी वही मागितली. दुपारी ९८.६, संध्याकाळी ९८.२. म्हणजे ताप सहानंतरच चढलाय, त्या म्हणाल्या, लवकर आणलंत. मी मान हलवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नऊच्या आत तिचा रक्तदाब पडला आणि तिला आयसीयूत नेलं.

बायको पुण्याहून लोकलनं पिंपरीला उतरून थेट हॉस्पिटलमध्ये आली. डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मुलीच्या दंडात औषधं देण्यासाठी एक बारीक नळी कायमची बसवलेली होती. आठवड्यातून एकदा ती घरी सलाइनच्या पाण्यानं धुवावी लागायची. सिस्टरनी ते बायकोला शिकवलं होतं.

"शेवटची कधी धुतली?"

"काल संध्याकाळी. मी धुतली."

"हात नीट धुतले होते ना? विचारावंच लागतं, मनावर घेऊ नका."

त्यांचं म्हणणं असं की ताप चढल्यापासून दोन-तीन तासांत रक्तदाब पडतो, म्हणजे जंतू नळीतून सरळ रक्तात गेले असणार. सकाळपर्यंत फरक पडला नाही तर नळी काढावी लागेल. प्लेटलेट कमी आहेत, रक्तस्राव होऊ शकतो, पण इलाज नाही.

बाहेर बाकड्यावर बायको स्वतःच्या हातांकडे बघत बसली. चाळीसपर्यंत मोजत हात धुवायचे असतात. ती म्हणाली, धुताना बेल वाजली होती, कुरिअरवाला आला होता, मी चाळीसपर्यंत मोजलं का ते आठवत नाही. पुन्हा पुन्हा तेच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्याच हातानं झालं का हो?"

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

माझ्या हातून जे काही झालं त्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे वाक्य. खोटे आकडे भीतीपोटी लिहिले. पण इथे मी तिला माफ केलं. ती चूक तिची नव्हतीच, माझी होती, आणि मी मोठ्या मनानं तिला माफ करून मोकळा झालो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तेही टेकू दिलं.

सकाळी एकेकाला आत सोडलं. आधी बायको गेली, तिच्यामागे दारातून मी पाहत होतो. तिनं मुलीचं केस नसलेलं डोकं कुरवाळत विचारलं, "काल दुपारी थंडी वाजत होती का गं तुला?"

मुलीनं डोळे उघडले. दारात मी उभा आहे हे तिला दिसलं. ती म्हणाली, "नाही."

मी तिथून सरळ डॉक्टर बाईंच्या खोलीत गेलो. त्या नळी काढायच्या कागदांवर सही करत होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं की वहीतले कालचे आकडे खोटे आहेत, मी मोजलंच नव्हतं, थंडी अडीचला वाजली होती. कालचेच का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आधीचेही बरेच.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही लांब सरकवली आणि अडीचपासून एकेक विचारत गेल्या: किती वेळ थंडी होती, पाणी किती प्यायली, लघवीला कधी गेली. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता येईनात, कारण मी त्या घरात असूनही नव्हतो. मग त्या म्हणाल्या, हे पाच-सहा तास आधीपासून चालू असेल तर इतक्या घाईनं नळीवर संशय घ्यायचं कारण नाही. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत नळी राहू दे, औषध बदलून बघू.

मी विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर आयसीयू टळलं असतं का?

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण तास महत्त्वाचे असतात. तुम्ही दोन्ही ऐकून ठेवा."

निघताना मी त्यांना म्हणालो, मिसेसना एवढ्यात सांगू नका. त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा.

पुढचे दोन दिवस मी तिला सांगितलं नाही. आधी मुलगी सावरू दे, असं म्हणत राहिलो. आयसीयूच्या बाहेरून काचेतून मॉनिटर दिसायचा. रक्तदाबाचा वरचा आकडा ऐंशीच्या खाली गेला की मी उठून उभा राहायचो, नव्वद झाला की बसायचो. मधे एकदा अख्खी दुपार तो पंच्याऐंशीच्या वर गेला नाही. सिस्टर येऊन औषधाचा वेग वाढवून गेल्या. का ते त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. बायको तासातासाला बेसिनवर जाऊन हात धुवायची. आत जायला एकदा धुतले तरी पुरत होते. बोटांच्या पेरांवरची तिची कातडी पांढरी पडून सोलायला लागली होती. मी बघत होतो.

तिसऱ्या दिवशी दाब औषधाशिवाय टिकला. चौथ्या दिवशी सकाळी मुलीला वॉर्डात आणलं. तिनं दोन चमचे वरणभात खाल्ला आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाचा मोबाइल गेम चुकीचा चाललाय हे त्याला तिथूनच ओरडून सांगितलं.

दुपारी डॉक्टर बाई रिपोर्ट घेऊन आल्या. रक्तात सापडलेले जंतू पोटातले होते. पेशी संपल्या की आतड्यातूनच ते रक्तात उतरतात, नळीचा किंवा हातांचा त्यात काही संबंध नाही, असं त्यांनी बायकोला नीट समजावून सांगितलं. माझ्याकडे न बघता त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

बायको कॉटच्या कडेला बसली. "म्हणजे माझ्या हातानं नाही," एवढंच म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. रिपोर्टनंच तिला मोकळं केलं होतं. डॉक्टर बाई काही बोलणार नव्हत्या. मुलगी बोलणार नव्हती, ते तर तिनं दाखवूनच दिलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं.

मग बायको म्हणाली, "पण दोन तासांत एवढं कसं वाढलं असेल हो? बाराला नव्हता, सहाला नव्हता..."

मुलीनं चेहरा दुसरीकडे वळवला. अकरा वर्षांची पोर, हाताला सलाइन, आणि ती बापाला अवघड जाऊ नये म्हणून खिडकीकडे बघत होती.

मी कॉटच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसलो. मुलीचा हात हातात घेतला, म्हणजे तिलाही ऐकू जाईल, आणि बायकोला म्हणालो, "बाराला मी मोजला नव्हता. सहाचाही नाही, तो तर साडेबारालाच लिहून ठेवला होता. गेले तीन आठवडे मी असंच करत होतो. तिला अडीचला थंडी वाजली होती, तिनं मला येऊन सांगितलं होतं, मी फोन सोडला नाही. त्या रात्री बाकड्यावर तू मला विचारलंस तेव्हा हे सगळं मला माहीत होतं, तरी मी तुला म्हणालो, होतं असं. आणि ही माझ्यासाठी तुझ्याशी खोटं बोलली, तिला ते करायला मी लावलं. तुम्हा दोघींची मी माफी मागतो. लगेच माफ करा असं म्हणत नाही. पण चूक माझी होती, आणि मला माफ करा."