चार वाजताचा फोन

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र तशीच लख्ख आठवते, कारण तिच्यात चूक माझी होती.

तेव्हा मी लातुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी दुपारपासून बेपत्ता होती. पाठोपाठ कंधारहून तिचे वडील पोहोचले. ते शाळेत शिक्षक. मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा दाखल करून घेतला. फिर्याद लिहून होण्याआधीच वडील म्हणाले, "साहेब, माझ्या धाकट्या भावाला उचला. लोह्याला असतो. दारू, मोटारसायकलींची चोरी, जेल, सगळं करून बसलाय. आईचे दागिनेसुद्धा विकले त्यानं. सहा वर्षं झाली, आम्ही त्याला घरात घेत नाही."

सकाळी पहिली खबर आली ती बसस्थानकासमोरच्या चहावाल्याकडून. तो आमचा जुना खबऱ्या. "फोटोतली पोरगी काल नांदेडच्या गाडीत बसली, साहेब. एकलीच व्हती. रडून राहिली व्हती." तासाभरात मोबाईलचे कॉल रेकॉर्ड हातात आले. शेवटचा फोन मुलीने याच काकाला केला होता. पाऊण तास बोलणे झाले होते, लोकेशन नांदेडला गोदावरीच्या काठचे, आणि त्यानंतर फोन बंद. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झाले. याने पोरीला फूस लावून बोलावले.

दुपारी पथकाने त्याला लोह्यातल्या त्याच्या पंक्चरच्या दुकानातून आणले. सोबतचा हवालदार म्हणाला, "साहेब, तिथले लोक म्हणतात, चार वर्षांपासून दारूला शिवला नाही. ठाण्यातही एक तक्रार नाही." मी ते ऐकले आणि सोडून दिले. माझ्यासमोर त्याचे जुने रेकॉर्ड उघडे होते.

"पोरगी कुठे आहे?"

"सुखरूप हाय, साहेब."

"कुठे, ते विचारतोय."

"ते सांगता येणार न्हाई. शब्द दिलाय तिला."

खोटे बोलणारा माणूस फार बोलतो, शपथा घेतो, पाणी मागतो. या माणसाने यातले काही केले नाही. खरे तर मी तिथेच थांबायला हवे होते. मी त्याला सराईत समजलो, आवाज चढवला, दोनदा कॉलरही धरली. दारात उभे असलेले वडील ओरडत होते, "हा काहीही करू शकतो, साहेब." तो मध्येच मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

पावणेचारला तो पहिल्यांदा आपणहून बोलला. "माझा फोन चालू करा, साहेब. चारला एक फोन लावायचाय."

फोन आम्ही जप्त करून बंद ठेवला होता. साथीदाराला इशारा द्यायचा असेल, असे मला वाटले. मी नकार दिला. त्याने हात जोडले. "पाया पडतो. चारला माझा आवाज आला न्हाई तर ती तिथून निघून जाईल. मग मलाही घावायची न्हाई." थोडे थांबून तो म्हणाला, "दादाला बाहेर न्या, सगळं सांगतो."

मी वडिलांना बाहेर बसवले.

"सराव परीक्षेत मार्क पडले न्हाईत. दादा म्हणला, तोंड दाखवू नको. ती नांदेडला नदीवर जाऊन उभी राहिली आन् मला फोन लावला. म्हणली, काका, आपल्या घरात नापास झालेले तुम्ही एकटेच हाव, म्हणून तुम्हाला लावला. मी म्हणलं, फोन ठेवू नको, बोलत राहा. लोह्यापासून गाडीवर तसाच बोलत गेलो. मी कितींदा नापास झालो, जेलात काय खाल्लं, समदं सांगितलं. थोडी हसली पण. आता नांदेडलाच सिस्टरच्या घरी हाय. माझी दारू सोडवली त्या दवाखान्यातल्या सिस्टर."

"मग पोलिसांना का नाही कळवलं?"

"माझं कोण ऐकतंय, साहेब? रात्री दादाला तीनदा लावला. त्यानं कापला. ते पोरीनं पाहिलं आन् कुणाला सांगायचं न्हाई असा माझ्याकडून शब्द घेतला."

चारला तीन मिनिटे कमी होती. मी फोन चालू केला. आदल्या रात्री 'दादा' या नावाला केलेले तीन फोन त्यात होते. मी फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने सिस्टरचा नंबर लावला, मी स्पीकर चालू केला.

पहिल्याच रिंगला आवाज आला. "काका?"

"हाव बाई. जेवलीस का?"

"थोडं. तुम्ही कुठं आहात?"

त्याने माझ्याकडे बघितले. "लातुरात. हितं एक साहेब हायत. त्यांना घेऊन येऊ का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा असतील?"

मी मानेने नाही म्हणालो.

"तू म्हणशील तवाच," तो म्हणाला.

"मग या."

बाहेर येऊन मी वडिलांना विचारले, "काल रात्री भावाचा फोन आला होता?"

ते बाकावर बसले होते. "आला होता. पिऊन लावला असेल म्हणून कापला. इथंच बसलो होतो मी."

साध्या कपड्यातल्या महिला हवालदाराला घेऊन आम्ही नांदेडला गेलो. वडिलांना सिस्टरच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत थांबवले. तासाभराने मुलगी त्यांना भेटायला तयार झाली. ते आत आले तेव्हा तिने काकाचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता. त्यांनी ते पाहिले आणि दारातच खाली बसले.

मुलीचा जबाब बालकल्याण समितीसमोर झाला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा, असा अहवाल आम्ही कोर्टात पाठवला. पुढे तिने मेडिकलचा नाद सोडून नांदेडच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला, एवढेच कानावर आले. भावाभावांचे किती जुळले ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी नांदेडहून निघताना मी काकाला म्हणालो, "माझं चुकलं." तो म्हणाला, "तुमच्या कागदात मी तसाच हाय ना, साहेब. कागदाला काय कळतंय."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत हरवलेल्या मुलांच्या अनेक फिर्यादी मी घेतल्या. घरात वाईट कोण, हे आईबाप न विचारता सांगतात. मी मात्र आधी विचारू लागलो, तुमचे मूल घरात कोणाला घाबरत नव्हते? या प्रश्नाचे उत्तर पटकन येत नाही. ते येईपर्यंत मी पेन खाली ठेवून थांबायला शिकलो.