पात्रावर ठेवलेला हात

आमच्याकडे पंगतीत नको म्हणायचं असेल तर कुणी बोलत नाही. भात वाढणारा समोर आला की पत्रावळीवर आडवा हात धरायचा, तो पुढं सरकतो. बालाघाटात लग्न असो, नामकरण असो की विहारातलं भोजनदान, ही सवय सगळ्यांनाच असते आणि तिचा कुणाला राग येत नाही. तोंडात घास असताना ती फार सोयीची पडते. याच सवयीनं मी परदेशात काय करून बसलो, ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा भिक्खू होतो. वॉर्डातल्या विहाराच्या भंतेजींनी मला तीन वर्षांसाठी थायलंडच्या एका खेड्यात पाठवलं, धम्मदूत म्हणून. शब्द अंगापेक्षा मोठा होता. निरोप द्यायला वॉर्ड स्टेशनावर लोटला. आईनं सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि मी नियमाप्रमाणे ताठ उभा राहिलो, कारण चीवर घातल्यावर मुलानं आईच्या पाया पडायचं नसतं. गाडी सुटेपर्यंत कुठं बघावं ते मला कळत नव्हतं.

तिथं मोठं काम काही नव्हतं. शाळेत इंग्रजी शिकवायचं, आवारातला पाला झाडायचा, आणि सणावाराला आपल्याकडचे लोक धम्मात कसे आले ते मोडक्यातोडक्या थाईत सांगायचं. ज्यांच्या घरी धम्म चुलीइतका जुना होता त्यांना मी धम्म सांगत होतो. ते निमूट ऐकून घेत. फार सभ्य लोक. पहाटेच्या वंदनेत पाली तीच, पण चाल वेगळी, त्यामुळे पहिले दोन महिने मी सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं असायचो. दुपारी बारानंतर जेवण बंद. संध्याकाळच्या ध्यानात काय दिसतं असं प्रमुख भंतेंनी एकदा विचारलं. मला वरण-भात दिसत होता. मी प्रकाश म्हणून सांगितलं.

उजाडताच भिक्षेला निघायचो. आम्ही पाच जण, अनवाणी, एकामागं एक, ज्येष्ठतेनं. मी सगळ्यात नवा म्हणून शेवटी. लोक दारापुढं वेताच्या टोपल्या घेऊन गुडघ्यांवर बसलेले असत. आम्ही पात्राचं झाकण काढायचं, ते भाताचा एकेक गोळा टाकत. तिथला भात चिकट, भिंतीवर मारला तर तिथंच राहील असा. मी धानाच्या मुलखातला, भाताचं मला कुणी सांगू नये असं मनात असायचं. पण मागायचं नाही, नाकारायचं नाही, चवीचं बोलायचं नाही.

गावाच्या टोकाला, लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या घरात एक म्हातारी एकटी राहत होती. ती रोज टोपली घेऊन बसायची आणि मोजून पाच गोळे द्यायची. दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी वारली होती. पात्रात पडलेलं अन्न गेलेल्या माणसापर्यंत पोचतं, असं तिकडं मानतात. म्हातारी मुलीला रोज जेवू घालत होती, आमच्या हातून. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी चौघांना देऊन झालं आणि मी तिच्यापुढं आलो, तेव्हा मला टोपलीचा तळ दिसला. एवढासा गोळा उरला होता. माझं पात्र काठोकाठ भरलेलं होतं. आमच्यापैकी चौघांच्या पोटाला पुरेल एवढं. म्हातारीचे हात काटक्यांसारखे होते. मला वाटलं, हा तरी तिनं खावा. आणि मी पात्रावर आडवा हात धरला, वर हसलोसुद्धा.

तिचा हात वरच्या वर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. गोळा टोपलीत परत ठेवला, झाकण लावलं आणि कमरेत वाकून हळूहळू घरात गेली. एक चांगलं काम झालं अशा समाधानात मी पुढं चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी तिचं दार बंद. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी प्रमुख भंतेंनी मला बोलावून विचारलं आणि मी सरळ सांगून टाकलं. त्यांनी समजावलं. भिक्खूनं पात्र झाकणं म्हणजे, या घरचं दान आम्हाला चालत नाही, असं जाहीर करणं. फार मोठ्या अपराधाशिवाय संघ असं करत नाही. गावानं ते पाहिलं होतं. आणि म्हातारीच्या लेखी त्या सकाळी तिची मुलगी उपाशी राहिली होती, तेही म्हातारीच्याच कुठल्यातरी दोषापायी.

मी आत्ता जाऊन माफी मागतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तू सॉरी म्हणशील, ती भिक्खूचा मान राखायला हो म्हणेल. पात्र तू झाकलंस. ते उघडं आहे हे पात्रालाच सांगू दे."

म्हणजे तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण भिक्षा मागायची नाही, शब्दानं नाही, खुणेनं नाही, खाकरूनही नाही. थोडं थांबायचं आणि पुढं व्हायचं. मी रोज पात्र उघडून बंद दारापुढं उभा राहू लागलो. दहा श्वास मोजायचे, मग चालायचं. तोवर चौघं लांब गेलेले असत आणि भिक्खूला पळता येत नाही. शेजारची बाई कीव येऊन माझ्या पात्रात दुप्पट टाकू लागली. गावातली कुत्री मला ओळखू लागली. मला स्वतःची लाज वाटत होती, इतकी की इंग्रजीच्या तासाला मुलांकडं नीट बघवत नव्हतं. बालाघाटात असतो तर तिच्या ओट्यावर बसून चहा मागितला असता आणि प्रकरण मिटलं असतं.

आठव्या दिवशी दार उघडं होतं. म्हातारी आत सावलीत पाठ करून बसली होती. दहाव्या दिवशी टोपली मांडीवर होती, पण ती उठली नाही.

बाराव्या दिवशी ती दारापुढं गुडघ्यांवर बसलेली दिसली. पुढच्या चौघांना तिनं काहीच दिलं नाही. ते थांबले आणि सरकले. मी समोर आलो तेव्हा तिनं एक गोळा उचलला आणि हात अधांतरी ठेवून वाट पाहिली. ती माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. मी दोन्ही हात पात्राच्या बुडाखाली धरले. गोळा पडला. तिनं पुन्हा हाताकडं पाहिलं, दुसरा टाकला. मग तिसरा. टोपली रिकामी होईपर्यंत ती टाकत राहिली. काही गोळे घरंगळून रस्त्यावर पडले, तरी मी हात हलवला नाही. मग तिनं तांब्यातलं पाणी मातीवर सोडत मुलीचं नाव घेतलं. भिक्खूनं धन्यवाद म्हणायचे नसतात, आशीर्वादाची गाथा म्हणायची. मला रडू येत होतं. पुढं थांबलेल्या चौघांबरोबर गाथा कशीबशी पुरी केली आणि यावेळी अर्धी ओळ मागं राहिलो.

तीन वर्षांनी परतलो. वर्षभरानं चीवर उतरवलं. आता इथंच शिकवतो. आई मला पुन्हा अरे-तुरे करते, हे बरं झालं. पण मला पुरे म्हणता येत नाही. वाढणारा येतो, वाढतो, मी खातो. पोट सुटलंय. मागच्या रविवारी आई वाढता वाढता वैतागली.

"काहून रे, तोंडानंबी सांगत नाही, हातानंबी नाही? पहिले तर लगेच हात ठेवे."

तेव्हा मी तिला म्हातारीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. ती पळी हातात धरून ऐकत राहिली. मी शेवटी म्हणालो की माझ्या मनात वाईट नव्हतं, लहानपणी तुझ्यासाठी हात धरायचो तसाच धरला होता. ते दिवस ओढगस्तीचे होते. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, म्हणून गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, भात कमी दिसला की मी ताटावर हात ठेवायचो. पोट भरलं म्हणायचो. तिला कळत नसे अशी माझी समजूत होती.

"मले सारं समजे," आई म्हणाली. "पर तू हात ठेवला का मलेबी त्या बुढीसारखंच लागे. गंजात किती भात हाय हे लेकराले दिसलं, याचंच वाईट वाटे."

तिनं पळी पुन्हा भातात घातली. मी दोन्ही हात ताटाच्या बुडाखाली धरले.