शांततेतली शाल

मी संगीतकार आहे असं सांगितलं की लोक विचारतात, "कुठल्या सिनेमाचे?" सिनेमाचा नाही हो, पाश्चात्त्य शास्त्रीय, व्हायोलिन, सेलो असल्या वाद्यांसाठी कागदावर लिहितो, असं सांगितलं की विचारतात, "मग पोटापाण्याचं काय?" पोटापाण्यासाठी मी कुवेतमध्ये, मिरकाब भागातल्या एका ऑफिसात ऑडिट करतो. हे ऐकल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

चार वाद्यांसाठीची माझी एक रचना मी तोवर फक्त घरच्या कॉम्प्युटरवर ऐकली होती. कॉम्प्युटर बिचारा बिनचूक वाजवतो, पण स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं. माणसांनी वाजवलेली ती एकदाच, शेवटपर्यंत, आपल्या कानांनी ऐकावी एवढीच माझी हाव होती. अखेर इथेच चार वादक जमले: दोन फिलिपिनो शिक्षिका, एक गोवेकर आणि सेलोवर एक इजिप्शियन गृहस्थ. हे इजिप्शियन त्याच आठवड्यात नोकरी संपवून कायमचे घरी निघाले होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

जागा दिली आमच्या मराठी मंडळाने, गणपतीच्या कार्यक्रमात. सेक्रेटरी म्हणाले, "वाजवा की! फक्त शेवटी मोरया येईल असं बघा." मी म्हटलं, बघतो. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेतले एक काका मांडीवर ताल धरायला गेले आणि हात उचलून समेची वाट बघत बसले. माझ्या संगीतात सम नाही. त्यांचा हात बराच वेळ अधांतरी राहिला, मग त्यांनी त्याच हाताने कान खाजवला.

तिसऱ्या भागानंतर मी एक लांब शांतता लिहिली आहे. वादक गज तारेवर धरून स्तब्ध बसतात, आणि मग सेलो हळूच शेवटचा भाग सुरू करतो. खरं तर अख्खी रचना मी त्या शेवटच्या भागासाठीच लिहिली. पण आमच्या मंडळात शांतता म्हणजे आभार प्रदर्शन. वक्ता श्वास घ्यायला थांबला तरी सेक्रेटरी माइककडे धावतात, कारण मागे मसालेभात निवत असतो. त्या दिवशीही धावले. टाळ्या पडल्या, गोवेकराने गोंधळून मान तुकवली, इजिप्शियन गृहस्थांच्या हातात नारळ गेला. मी विंगेतून "थांबा" म्हणायला पुढे झालो, तर माझ्याच अंगावर शाल आली. संतापाने कानशिलं तापली आणि त्याहून जास्त रडू येत होतं. इतकी वर्षं घासून आपण पोचलो कुठे, तर नारळापर्यंत.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माझी बायको उठली. ती बँकेत आहे. माझ्या संगीताबद्दल तिने आजवर चकार शब्द काढलेला नाही, बरा नाही की वाईट नाही.

"अहो सेक्रेटरी, बसा जरा," ती म्हणाली. "संपलेलं नाहीये. तो रडका भाग यायचाय अजून. आणि त्यांच्या हातातला नारळ घ्या आधी."

नारळ ताटात परत गेला. इजिप्शियन गृहस्थांनी गज उचलला आणि रडका भाग आला. तारेला किंचित खरखर होती, कॉम्प्युटरला कधी जमली नसती अशी. मी शाल पांघरून ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, सत्काराने. वाजून संपलं तरी कुणी टाळी वाजवेना. सगळा हॉल माझ्या बायकोकडे बघत होता. तिने मान हलवली, तेव्हा कुठे टाळ्या वाजल्या.

परतताना गाडीत मी विचारलं, "तुला कसं कळलं, संपलं नाही ते?"

"आपल्या स्वयंपाकघराला दार कुठंय?" ती म्हणाली. "इतकी वर्षं कणीक मळताना तेच ऐकतेय. मला कळत काही नाही त्यातलं. पाठ आहे, एवढंच."

आवडतं का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.