वगळलेल्या पायरीची हिरवी खूण

मेहकरच्या बसस्टँडमागे आमचं ऑफिस होतं. माणसं तीनच: मालक, एक सहकारी आणि मी. शेतातली मोटार फोनवरून चालू-बंद करणारा स्टार्टर आम्ही बनवायचो. कोड लिहायचं काम माझं. पुण्याची नोकरी सोडून मी इकडे आले तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. मी मात्र तोऱ्यात होते, कारण बीबी या आमच्या गावच्या मळ्यातही तोच स्टार्टर बसला होता आणि बाबा गावभर सांगायचे, पोरीनं बनवला म्हणून.

लिहिलेला कोड सहकाऱ्यानं बांधलेल्या बिल्ड टूलमधून जायचा. ते एकेक पायरी आपली आपण पार पाडायचं. आधी चुका शोधायचं, मग तुकडे जोडायचं, मग टेबलावरची खरी मोटार चालवून बघायचं आणि शेवटी स्टार्टरमध्ये भरायची फाइल हातात द्यायचं. त्यातली एक पायरी कुलपाची. फोनवरून कुलूप घातलेलं असलं की गेलेली लाइट परत आली तरी मोटार सुरू होता कामा नये. ती खरंच होत नाही ना, हे ती पायरी तपासायची. मोटारीत हात घालून बसलेल्या माणसाचा जीव त्या कुलपावर असतो.

पण भारनियमनाला कोण सांगणार? कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालायचे, मोटारीला मात्र थ्री फेज लागायची आणि ती दुपारी गायब. टूल त्या पायरीपाशी खोळंबायचं आणि मालक आमच्या डोक्यावर बसायचा. शेवटी सहकाऱ्यानं सोय केली: नको त्या पायरीचं नाव लिहा, टूल ती वगळून पुढे जाईल. सोय कामाचीच होती. पडद्यावरच्या एका बटणाचा रंग बदलला म्हणून सगळं पहिल्यापासून कशाला चालवायचं? शेतकऱ्याकडे जाणारी फाइल तेवढी सगळ्या पायऱ्या चढूनच जाईल, असं आमचं ठरलं होतं.

नवी फाइल सगळ्या स्टार्टरमध्ये गेल्यानंतरच्याच आठवड्यात भावाचा फोन आला. तो बाबांना मेहकरच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. कुलूप घालून बाबा मोटारीच्या पंख्यात अडकलेली चिंधी काढत होते. लाइट आली आणि मोटार सुरू झाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

माझा विश्वासच बसेना. ते पोचेपर्यंत मी टूल उघडून त्या फाइलच्या पायऱ्या बघितल्या. सगळ्यांपुढे हिरवी खूण, कुलपाच्या पायरीपुढेही. मग हे झालं कसं? मी सहकाऱ्याकडे वळले, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"दादाले घाई होती," तो मालकाबद्दल म्हणाला. "लाइट नव्हती, म्हणून ती पायरी वगळली."

मग हिरवी खूण कुठून आली, असं विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, वगळलेली पायरी टूल पास धरतं. लाइट परत आल्यावर काय होतं हे बघायची पायरी, आणि ती लाइट नाही म्हणून गाळलेली. मला आधी संतापही आला नाही. मी नुसती त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिले.

दवाखान्यात बाबांच्या हाताला भलंमोठं बँडेज होतं. मला बघून तेच समजूत घालायला लागले. "रडू नको माय. तुह्या मशिनची चूक नाही. कुलूप लावतानी माह्याच हातून कायतरी चुकलं असन."

मालक दारात उभा होता आणि डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणत होता. आता मात्र माझं टाळकं फिरलं. मी त्याच्यादेखत बाबांना सगळं सांगितलं. कुलूप तुम्ही बरोबर लावलं होतं, ते टिकतं का हे आम्ही तपासलंच नव्हतं, आणि तपासलं म्हणून खूण मात्र केली होती.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तपासाचं राह्यलं त राह्यलं," ते म्हणाले. "पन तसं सांगितलं काऊन नाही? मी मेन फ्यूज काढून बसलो असतो."