ओल्या बाभळीचा आस

त्या वर्षांत अमरावतीतला एकही सुतार रिकामा नव्हता. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता, म्हणून वऱ्हाडातला कापूस जो तो मागत होता. कापूस न्यायचा तर गाड्या हव्यात. आमचं घर मुळात कोरीव काम करणाऱ्यांचं. देवळांच्या चौकटी, पालखीचे मोर, पोळ्याचे लाकडी बैल, हे आमचं काम. पण तेव्हा मोर कोणाला हवे होते? मीही गाड्याच करू लागलो.

माझा एक मोठा भाऊ होता. मी त्याला दादा म्हणायचो. त्याचा हात माझ्याहून चांगला. पण गाडी बांधण्यापेक्षा हाकण्यात जास्त मिळतं हे दिसल्यावर त्यानं लाकूड तासायचा वाकस खुंटीला टांगला आणि बैलजोडी घेतली. त्याची गाडी मी बांधून दिली.

गाडीच्या दोन चाकांमधल्या आसाला वाळलेली बाभूळ लागते. तोडलेलं खोड वर्ष-दीड वर्ष सावलीत पडू द्यायचं, मग त्याला हत्यार लावायचं. पण त्या वर्षी वखारीत वाळलेलं लाकूड उरलंच नव्हतं. होतं ते पंधरा दिवसांपूर्वी तोडलेलं. रंधा मारला की छिलके हाताला गार लागायचे. दादाला घाई होती. पहिला माल अकोल्याला पोचवायचा होता. मी ओल्याच बाभळीचा आस घातला आणि वरून तेल चोळलं, म्हणजे रंग वाळल्यासारखा दिसला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, नाल्याच्या उतारावर तो आस मोडला. गाडी कलंडली आणि कापसाच्या गाठी दादाच्या अंगावर आल्या. सोबतच्या गाडीवानांनी गाठी बाजूला करेपर्यंत तो गेलेला होता. त्यांनी त्याला घरी आणलं, बैल आणले आणि मोडक्या गाडीचं लाकूडही आणलं. लाकूड कशाला आणलं ते मी विचारलं नाही.

सगळे म्हणाले, माल जास्त भरला होता. आस ओला होता हे मी सांगितलं नाही.

मला रडू आलं नाही. तेराव्याच्या पंगतीत मी वाढत होतो. कोणी वरण मागितलं की वरण, कोणी पाणी मागितलं की पाणी. झोपेत हात अंगाखाली दबला की तो आपला वाटेनासा होतो, तसा मी सगळाच झालो होतो. भाकरी तोंडात घातली की ती भाकरी आहे एवढं कळायचं, चव नाही. एकदा पटाशी अंगठ्यात घुसली. लाकडावर लाल दिसलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की हे रक्त आपलं. लोक म्हणायचे, मनाचा घट्ट आहे. मी त्यांना तसंच म्हणू दिलं. गाड्यांची कामं येत होती आणि मी ती करत होतो. त्यातल्या काही गाड्यांचे आस तेव्हाही ओलेच होते, हेही सांगून टाकतो.

दादाच्या गाडीचं लाकूड अंगणात कडुनिंबाखाली पडून होतं. होळीच्या आधी एका सकाळी वहिनी कुऱ्हाड घेऊन तिथे बसलेल्या दिसल्या. त्यांनी जू दगडावर टेकवलं होतं.

"वहिनी, राहू द्या ते."

"काहून?"

"राहू द्या."

"जीव घेतला या गाडीनं. आता दोन भाकरी तरी भाजू द्या तिले."

मी त्यांच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि वखारीतून दुसरं सरपण आणून टाकलं.

ते जू त्या गाडीतलं एकच जुनं लाकूड होतं. शिवणीच्या झाडाचं, आमच्या वडिलांच्या वेळचं. बैलांच्या माना घासून घासून दोन्हीकडे खळगे पडले होते, आणि मधे, जिथे धरून जू उचलतात तिथे, लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. मी तिथे हात ठेवला आणि बसलो. त्या दिवशी गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

झाड तोडण्याआधी त्याला हळद-कुंकू वाहायचं, त्याची माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. पण राबून मोडलेल्या लाकडाशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी माझ्यापुरती एक रीत केली. आंघोळ करून, काही न खाता त्याच्यापाशी बसायचं. तीन दिवस हत्यार लावायचं नाही, नुसता हात फिरवायचा. कुठे काय घासलंय, कुठे चीर आहे, कुठे वजन येत होतं, हे बोटांना कळू द्यायचं. मग लोखंड काढायचं, हळूहळू, न ठोकता. भोकं बुजवायची नाहीत. जिथे माणसाचा किंवा जनावराचा स्पर्श झालाय ती जागा तासायची नाही. पुढे लोक मला विचारायचे, तुम्ही बसता तेव्हा जप कोणता करता? जप मी कधीच केला नाही. पण देवळात बसून माझ्या आत जे कधी झालं नव्हतं, ते तिथे व्हायचं. ते काय, हे मला सांगता येत नाही. गप्प वाटायचं, एवढंच.

चौथ्या दिवशी पटाशी घेतली. बैल निघेल असं वाटलं होतं. निघाला बसलेला माणूस. बैलाच्या मानेचा खळगा त्याची वाकलेली पाठ झाला. मी खांदे मोकळे केले, मान मोकळी केली आणि चेहऱ्याशी येऊन थांबलो. मला दादाचा चेहरा आठवेना. ज्याच्याबरोबर करवतीच्या दोन टोकांना अर्धं आयुष्य काढलं, त्याचं नाक कसं होतं हे आठवेना. दोन दिवस थांबलो. मग चेहरा तसाच सोडला, नुसतं लाकूड.

मूर्ती घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वहिनी पीठ चाळत होत्या. मी मूर्ती खाली ठेवली आणि म्हणालो, "वहिनी, आस ओल्या लाकडाचा होता."

त्यांची चाळण थांबली नाही. "मले मालूम हाय."

"कोणी सांगितलं?"

"त्यायनंच. नवी गाडी घरी आणली त्याच दिवशी नख मारून पायलं त्यायनं. म्हणले, ओला हाय, दोन खेपा काढू अन् मंग बदलून घेऊ."

"मंग मले काहून नाही बोलला?"

"तुमाले वाईट वाटन म्हून."

बाजारात आज वांगी नव्हती, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मग चाळण बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि मूर्ती उचलून उंबऱ्याजवळ, उजेडात नेली.

"याले तोंड काहून नाही?"

"आठवत नाही मले."

त्यांनी मूर्तीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "मलेबी पाठच आठवते," त्या म्हणाल्या. "गाडीवर बसून चालले होते ना."

मूर्ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली नाही. धान्याच्या कणगीशेजारी ठेवली. हळद नाही, फूल नाही. मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी जेवताना भाकरी करपलेली लागली. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी लागलं होतं.

पुढल्या वर्षी वहिनी तिवशाला भावाकडे राहायला गेल्या. जाताना ती मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून बरोबर नेली. मी ती पुन्हा पाहिली नाही.

मी गाड्या करणं सोडलं. मग ती दूरची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, आगगाडी आली, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत घराघरांपुढे रिकाम्या गाड्या उभ्या राहिल्या. मी अकोल्यात एका पडवीत काम मांडलं. मी वापरलेलंच लाकूड कोरतो हे हळूहळू लोकांना कळलं. कोणी मोडलेला नांगर आणायचं, कोणी पाळण्याचा खांब, कोणी पडलेल्या देवळाची तुळई. मी आधी एकच विचारायचो, यानं काय काम केलं? ज्यांना सांगता यायचं नाही त्यांचं लाकूड मी घेत नसे. काहीजण चिडून जायचे.

एकदा एक म्हातारी बाई मुसळ घेऊन आली. तिला त्याची अन्नपूर्णा करून हवी होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं सांगायला सुरुवात केली. ती आणि तिची जाऊ समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. जाऊ पटकीनं गेली. मग ती एकटीच कांडू लागली, तेव्हा कितीतरी दिवस दुसऱ्या ठोक्यासाठी तिचा हात वरच्यावर थांबायचा. हे सांगता सांगता दुपार टळली. मी ऐकत होतो. शेवटी तिनं मुसळ स्वतःच उचललं, दोन्ही हातांनी तोलून पाहिलं.

"राहू दे बाप्पा," ती म्हणाली. "असंच बरं हाय हे."

आणि ते खांद्यावर टाकून ती घरी गेली.